पावसात रानभेंडी पिवळी पडून मान टाकते: काय तपासावं, कुठल्या क्रमाने

जुलै उजाडला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. "काका, रानभेंडी मृगात छान फुटली होती, आता सगळी पानं पिवळी पडलीत. पाणी कमी पडतंय का हो?" बाहेर पुनर्वसूचा पाऊस कोसळत असतो, परसात चिखल झालेला असतो आणि झाड मात्र तहानलेलं दिसतं. संगमेश्वर-लांजा भागात मी रानभेंडीच्या झुडपासारख्या डोंगरातल्या देशी झाडांची रोपं करतो आणि लोकांच्या परसात, सड्यावरच्या (जांभ्याच्या सपाट कातळावरच्या) जागांत लावूनही देतो. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरला आहे की तपासायचा क्रमच ठरून गेलाय. तोच इथे देतो. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, मग पहार-कुदळीच्या, आणि खर्चाच्या सगळ्यात शेवटी.

लक्षणं

खालची पानं आधी पिवळी पडतात, मग पिवळेपणा वर चढतो. पानं मलूल होऊन लोंबतात आणि रात्र गेली तरी सावरत नाहीत. शेंड्याची कोवळी फूट काळपट होते. बुंधा मातीला टेकतो तिथली साल गडद आणि ओलसर दिसते, अंगठ्याने दाबली तर मऊ लागते. झाड धरून हलवलं की मुळापासून डुलतं. बुंध्याजवळची माती उकरली तर कुबट, आंबूस वास येतो. आणि हे सगळं भर पावसात, बहुतेक वेळा पुनर्वसू-पुष्याच्या दिवसांत.

यातली तीन-चार लक्षणं एकत्र असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नसतील तर दुखणं वेगळं. फक्त समुद्राकडच्या बाजूची पानं कडेने करपली असतील तर तो खारा वारा आहे. झाड घराच्या आडोशाला किंवा उंडी-सुरूच्या मागे न्यावं, औषधाचा उपयोग नाही. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर आसपास बांधकामाचा मलबा पुरलाय का बघा. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि जांभ्याच्या मातीत एवढं लोह असूनही झाडाला ते मिळत नाही. पानं गुंडाळलेली, शेंड्यावर पांढरा कापूस, बोंडांवर लाल ढेकणांची गर्दी, हे किडीचं काम. कपाशी-भेंडीवरच्या याच किडी रानभेंडीवरही येतात. झाड विद्रूप होतं, बी वाया जातं, पण धडधाकट झाड त्याने मरत नाही. तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, तो पाण्याच्या जोरदार धारेने आणि साबणाच्या पाण्याने आटोक्यात येतो.

आधी झाड कोणतं ते नक्की करा

मी बोलतोय ती रानभेंडी म्हणजे शास्त्रीय नावाने थेस्पेसिया लॅम्पास. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात, जंगलाच्या कडेला आणि गवताळ उतारांवर वाढणारं झुडूप. पुरुषभर उंच, कधी थोडं जास्त. पान बहुतेक तीन टोकांचं, खालून लवदार. फूल मोठं, पिवळंधमक, मधोमध गडद किरमिजी डोळा. गणपतीच्या आसपास फुलायला लागते ती दिवाळीच्या पुढेपर्यंत. सालीचा वाख निघतो, त्याची दोरी वळतात.

हे नक्की करायला पैसे लागत नाहीत, पण हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. खाडीकाठचं भेंड हे हिचं जवळचं भाऊबंद. फूल बरंचसं सारखं, पण ते झाड वृक्ष होतं आणि त्याचं पान अखंड, हृदयाच्या आकाराचं असतं. भेंडाला खारी, दलदलीची जागा मानवते. "शेजारी खाडीच्या बांधावर लावलंय ते जगलं, आमचंच का मेलं?" असं विचारणाऱ्यांच्या शेजाऱ्याकडे बहुधा भेंड असतं. शिवाय रानभेंडी याच नावाने आणखी काही रानटी रोपंही ओळखली जातात, त्यातली काही एका हंगामाची. ती बी धरून वाळणारच.

रोप आलं कुठून तेही आठवा. डोंगरातून मोठं झुडूप उपटून आणलं असेल तर त्याचं सोटमूळ तुटलेलं असतं. असं झाड महिनाभर अंगातल्या ओलाव्यावर तग धरतं आणि मग खचतं. त्याला वाचवण्यासारखं फार काही उरत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, डोंगरातली झाडं उपटू नका. तिथली जातात आणि तुमच्याकडेही राहत नाहीत.

नखाची परीक्षा

फांदीवर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर ती गेली. शेंड्यापासून सुरू करून बुंध्याकडे या. हिरवं कुठे लागतं ते कळलं की किती झाड शिल्लक आहे याचा अंदाज येतो. बुंध्याशीही हिरवं नसेल तर पुढचे उपाय करण्यात अर्थ नाही, थेट बियाण्याकडे वळा.

ही परीक्षा उन्हाळ्यात तर हवीच. फाल्गुनापासून रानभेंडी पानं टाकते, वरच्या काड्या वाळतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. लोक घाबरून रोज बादलीभर पाणी ओततात, नाहीतर उपटून टाकतात. दोन्हीची गरज नसते. पहिल्या पावसात ती खालून फुटते.

बुंध्याशी हात घालून बघा

बुंध्याभोवती शेणखताचा किंवा पालापाचोळ्याचा ढीग असेल तर तो हाताने बाजूला करा. वीतभर वर्तुळ मोकळं दिसलं पाहिजे. साल सतत ओल्या खताला टेकून राहिली की तिथूनच कुजायला लागते. कलमाच्या आंब्याला खत-माती ओढायची सवय असल्यामुळे हे हमखास होतं.

मग बोटांनी माती उकरून प्लास्टिकची पिशवी लागते का बघा. लावताना पिशवी फक्त तळाशी चिरली आणि बाकी तशीच ठेवली, असं मजुरांकडून लावून घेतलेल्या झाडांत फार आढळतं. पिशवीत पाणी साचतं, मुळं आतल्या आत गोल फिरतात. पिशवी असेल तर ब्लेडने उभी चिरून हलकेच ओढून काढा. एवढ्यानेच पुष्कळ झाडं सावरतात.

वरून येणारं पाणी

आता छत्री घ्या आणि पाऊस पडत असताना झाडापाशी उभे राहा. उघडीप असताना हे दिसत नाही. पागोळ्यांचं पाणी नेमकं खड्ड्यात पडतंय का? उताराच्या वरच्या बाजूने पाण्याचा ओघ येतोय का? खालच्या बाजूला चिऱ्याचा गडगा (आवाराची दगडी भिंत) असेल तर त्याला पाणी जायला भोकं ठेवलीत का? कोरडा रचलेला गडगा पाणी सोडतो, सिमेंटने सांधलेला अडवतो. गेल्या काही वर्षांत गावोगाव गडग्यांना सिमेंट लागलं आणि आतली झाडं पावसात उभ्याउभ्या बुडायला लागली. पन्हळ लावणं, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखा छोटा बांध घालून ओघ वळवणं, गडग्याचा खालच्या थरातला एखादा चिरा काढणं, ही अर्ध्या दिवसाची कामं आहेत. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरून पाणी येतच राहिलं तर खालचा कुठलाही उपाय टिकत नाही.

खड्ड्याची परीक्षा

माझ्या अनुभवात बिघाड सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

कोकणात पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पण नुसता पाऊस रानभेंडीला मारत नाही. घाटात किनाऱ्याहूनही जास्त पडतो आणि सह्याद्रीच्या उतारांवर ती मजेत उभी असते. तिथे पाणी मुळांना भिजवून पुढे जातं. आपण तिला सपाट सड्यावर आणतो, जांभ्यात पहारीने खड्डा काढतो, त्यात मऊ माती भरतो. जांभा जमिनीत असतो तोवर त्यातल्या त्यात मऊ असतो, उघडा पडून वाळला की कडक होतो. मे महिन्यात काढून ठेवलेल्या खड्ड्याच्या भिंती जून येईतो टणक झालेल्या असतात, आणि पहिल्या पावसांत बारीक चिकण माती त्यांच्या छिद्रांत बसते. मग तो खड्डा घंगाळासारखा भरून राहतो.

त्यात आपल्याकडे खड्डा काढायचा म्हटलं की हाताला आंब्याचं माप येतं: एक मीटर लांब, रुंद आणि खोल. म्हणजे हजार लिटर जागा. डोंगराच्या पातळ मातीतल्या झुडपाला एवढ्या खड्ड्याची गरजच नाही. जितका खोल खड्डा, तितकं साठलेलं पाणी.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो, मुळांचं काम थांबतं आणि पाण्यात उभं असूनही झाडाला पाणी वर चढवता येत नाही. म्हणून ते तहानलेलं दिसतं. त्याला आणखी पाणी घालू नका. युरियाही घालू नका. गुदमरलेली मुळं खत घेऊ शकत नाहीत, उलट त्याने त्यांना इजा होते. मुळं दुबळी झाली की मग पाण्यात वाढणाऱ्या बुरश्या शिरतात आणि कूज सुरू होते. बुरशी मागाहून आलेली असते, हे लक्षात ठेवलं तर नुसतं औषध ओतून झाड का वाचत नाही ते कळेल.

परीक्षा अशी करा. पावसाने अर्धा दिवस उघडीप दिली की बुंध्यापासून हातभर अंतरावर, पण भरलेल्या मातीतच, एक फूट खोल आणि वीतभर रुंद भोक काढा. काढतानाच तळाशी पाणी पाझरून आलं तर निकाल लागला. नाही आलं तर भोक पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठी उभी करून पातळीवर खूण करा. तासाला इंचभर पातळी उतरली तर निचरा ठीक आहे. दोन-तीन तासांत खूण जागची हलली नाही, किंवा सकाळीही पाणी तसंच असलं, तर दोष खड्ड्याचा.

प्रत्येक झाडापाशी वेगळं भोक काढा. जांभा जागोजागी बदलतो. एका खड्ड्याखाली भेग असते, पाणी घटकेत जातं, आणि पाच हातांवरच्या दुसऱ्यात महिनाभर डबकं राहतं. एकाच मालकाच्या रांगेत एकाआड एक झाड मेलेलं दिसतं त्याचं कारण बहुधा हेच.

चर

निचरा नाही हे ठरलं की खड्ड्याची उताराकडची कड फोडायची. पहार आणि टिकाव घ्या. खड्ड्याच्या तळापासून बाहेर, उताराच्या दिशेने, वीतभर रुंदीचा चर काढा. चराचा तळ खड्ड्याच्या तळाइतका किंवा किंचित खाली हवा. वरवरचा चर फक्त पृष्ठभागाचं पाणी नेतो, मुळांखालचं तसंच राहतं. चरात जांभ्याचे तुकडे भरा, वरून बारीक खडी आणि मग पालापाचोळा, म्हणजे तो मातीने बुजत नाही. मुळांच्या बाजूने पहार मारू नका, बाहेरून आत या. कड फुटली की साठलेलं पाणी धारेने बाहेर येतं. किती होतं ते बघून लोक थक्क होतात.

यानंतर झाडाला हात लावू नका. दोन-तीन आठवड्यांत नवी फूट दिसली तर काम झालं. पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती गळतीलच. बघायचं ते शेंड्याकडे.

मुळं उघडून बघणं

चर काढूनही झाड खालावत असेल तरच हे करा, कारण यात झाडाला इजा होते. बुंध्याच्या एका बाजूची माती लाकडी काडीने हळूहळू काढा. निरोगी मूळ आतून पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी-काळं, आणि चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर राहते.

माती काढताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या अळ्या निघाल्या तर ती हुमणी. मग मुळं कुजलेली नसून कुरतडलेली असतात. वरून लक्षणं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणूनच औषध आणण्याआधी उकरून बघणं महत्त्वाचं. दोन-चार असतील तर वेचून मारा. वाळवी दिसली तर मात्र लगेच तिच्यावर ठपका ठेवू नका, बहुतेक वेळा ती आधीच मेलेल्या लाकडावर आलेली असते.

कूज असेल तर कुजलेली मुळं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) निरोगी भागापर्यंत कापा. सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. फांद्याही तेवढ्याच प्रमाणात कमी करा, उरलेल्या मुळांना सगळा पसारा पोसता येत नाही. मग एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. सुपारीच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी: शंभर ग्रॅम मोरचूद (तांब्याचा क्षार) पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडं नको. चुना निवला की मोरचुदाचं पाणी हळूहळू त्यात ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा, नाहीतर झाड भाजेल. मिश्रण त्याच दिवशी वापरा. बुंध्याशी दोन-तीन लिटर पुरे. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, आणि विहीर, वहाळ, माशांची टाकी यांच्याजवळ ओतू नका, तांबं माशांना मारक आहे.

ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) घालायचा असेल तर बोर्डोनंतर पंधरा-वीस दिवस थांबा आणि मग शेणखतात मिसळून द्या. दोन्ही एकदम घातलं तर तांब्याने ती उपयोगी बुरशीच मरते आणि पैसे वाया जातात.

पुन्हा लावायची वेळ आली तर

झाड गेलंच असेल तर त्याच खड्ड्यात दुसरं लावू नका. सपाट कातळावर गुडघाभर उंचीचा ढीग करा: तळाशी जांभ्याचे तुकडे, वर मुरूम, त्यावर लाल माती आणि थोडं कुजलेलं शेणखत. ढीग सरकू नये म्हणून भोवती चिरे कोरडे रचा. उतार असेल तर फूटभर खोलीचा खड्डाही चालतो. जागा उन्हाची हवी, काजूच्या दाट सावलीत झाड जगेल पण फुलणार नाही.

रोप बियांपासून करा. हिवाळ्यात बोंडं वाळून उकलायला लागली की बी मिळतं. आपल्या आवारातल्या झाडाचं किंवा मालकाला विचारून घ्यावं, आणि सगळी बोंडं काढू नयेत. बियांचं कवच कठीण असतं, तसंच पेरलं तर रुजायला फार रेंगाळतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, मग उंच पिशवीत पेरा. पिशवी उंच हवी कारण सोटमूळ सरळ खाली जातं. पाऊस एकसारखा लागायच्या आधी रोप जागेवर गेलं तर मुळांना पसरायला वेळ मिळतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

रानभेंडीबरोबर त्याच आवारातली आंबा, काजू, सुपारी, नारळ अशी इतर झाडंही एकाएकी पिवळी पडून मान टाकत असतील तर स्वतःचे प्रयोग बंद करा. रोग किंवा हुमणी जमिनीत पसरलेली असू शकते आणि तुमची कुदळ ती आणखी पसरवेल. गावच्या कृषी सहायकाला कळवा, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात नमुना द्या. चर काढून, मुळं छाटून, एकदा बोर्डो देऊनही महिन्याभरात नवी फूट नसेल तरीही तेच करा. दुसरं, तिसरं औषध आणत बसू नका.

चर काढताना पहार टण्णकन उडून येणारा अखंड कातळ लागला तर घण घालून अंग मोडून घेऊ नका. ब्रेकरवाला किंवा चिरेखाणीवर काम केलेला माणूस बोलवा. जवळून विजेची केबल किंवा पाण्याची लाइन गेली असेल तर आधी ती कुठून गेलीय ते विचारा.

आणि जागा डोंगरउताराची असेल, वर किंवा खाली घरं असतील, आणि जमिनीत नवी भेग, तिरपं झालेलं झाड, अचानक फुटलेला गढूळ झरा यातलं काहीही दिसलं, तर त्या पावसात एक कुदळही मारू नका. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, ती कोकण विसरलेलं नाही. आधी घरातल्या माणसांना आणि शेजाऱ्यांना तिथून हलवा, लगेच तलाठी आणि तहसील कार्यालयाला कळवा. झाड मेलं तरी चालेल.

नमुना द्यायला जाताना पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यात मूळ कारण सापडत नाही. अर्धवट आजारी झाडाची मुळं घ्या, कूज आणि निरोगी भाग जिथे मिळतात तो तुकडा त्यात हवा, आणि भोवतालची ओंजळभर माती. पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहून द्या: झाड कधी लावलं, खड्डा किती खोल, पाणी किती वेळात उतरलं, आणि आतापर्यंत काय काय घातलं. युरिया घातला असेल तर तोही लिहा.